ग्रॉसिंगच्या टेबलावरचं पित्ताशय

पॅथॉलॉजीच्या गजबजलेल्या प्रयोगशाळेत सकाळी फॉर्मॅलिनच्या बरण्या उघडल्या की एखादं तरी पित्ताशय निघतंच. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची भारतातली पहिली शस्त्रक्रिया केली. आता ती तालुक्याच्या गावीही होते. नव्या रेसिडेंटला ग्रॉसिंग, म्हणजे नमुना नुसत्या डोळ्यांनी तपासून त्याचे काप घेणं, शिकवताना बहुधा हाच नमुना दिला जातो, सोपा म्हणून. मला तो कधीच सोपा वाटला नाही.

आधी बरणीवरचं नाव अर्जाशी ताडून पाहायचं, मग मोजमाप. लांबी साधारण ७ ते १० सेंटिमीटर. एक बाजू गुळगुळीत, चकचकीत. दुसरी खडबडीत, यकृतापासून सोडवलेली. नलिकेच्या टोकाचा काप वेगळा काढून ठेवायचा आणि कात्री गुळगुळीत बाजूनेच चालवायची. आत गाठ निघालीच, तर यकृताकडची कड शाबूत हवी. दाट हिरवं पित्त हलक्या हाताने धुतलं की मखमली अस्तर दिसतं. कधी त्यावर कोलेस्टेरॉलचे पिवळे ठिपके असतात. खडे पिवळसर किंवा काळे, एकमेकांना घासून पैलू पडलेले.

पुष्कळदा मात्र खडे आमच्यापर्यंत येतच नाहीत. नातेवाइकांना दाखवायला शस्त्रक्रियेनंतर लगेच पित्ताशय कापतात. खडे बाटलीतून घरी जातात आणि आम्हाला मिळते वेडीवाकडी चिरलेली पिशवी. नातेवाइकांची उत्सुकता रास्त आहे, पण काप यकृताच्या बाजूने गेला असेल तर त्या कडेबद्दल खात्रीने काही सांगता येत नाही.

यानंतरचं काम बोटांचं. भिंत चिमटीत धरून इंच न् इंच चाचपायची. जुन्या सुजेने सगळीकडे जाडावलेली भिंत निराळी आणि एकाच जागी टणक, पांढुरकी लागणारी निराळी. गंगेच्या खोऱ्यात पित्ताशयाच्या कर्करोगाचं प्रमाण मोठं आहे आणि खड्यांसाठी काढलेल्या पित्ताशयात तो अवचित सापडतो. स्लाइडसाठी निवडलेले तुकडे छोट्या डबीत, कॅसेटमध्ये, ठेवतात; तिच्यात जो तुकडा गेला नाही, त्याची स्लाइड होत नाही.

कर्करोग अस्तरापुरताच असेल, तर झालेली शस्त्रक्रिया सहसा पुरते. स्नायूच्या थरात शिरला असेल, तर यकृताचा काही भाग आणि लसिकाग्रंथी काढण्याचा विचार करावा लागतो. हा फरक मिलिमीटरभर भिंतीतला. त्यामुळे स्लाइडमध्ये असं काही दिसलं की बरणीत उरलेलं पित्ताशय पुन्हा बाहेर काढून सगळंच्या सगळं कॅसेटमध्ये घालतो आणि छापील अहवालाची वाट न बघता सर्जनला फोन लावतो.