मज्जातंतूंची वेदना आणि तिचे निदान

पायात काटा मोडला की वेदना होते आणि काटा काढला की ती शमते. येथे वेदना ही इजेची सूचना असते. परंतु सूचना वाहून नेणारा मज्जातंतूच बिघडला, तर नवी इजा नसतानाही वेदनेचे संदेश मेंदूकडे जात राहतात. अशी वेदना महिनोन्महिने टिकते आणि दुखणाऱ्या जागी शोधूनही तिचे कारण सापडत नाही. निदानातील अडचणींचे मूळ येथेच आहे.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) सायलस वेअर मिचेल आणि त्यांचे सहकारी यांनी गोळी लागून मज्जातंतूंना इजा झालेल्या सैनिकांवर फिलाडेल्फियात उपचार केले. जखम भरून आल्यावरही त्यांपैकी काहींच्या हातापायांची आग होत असे. हलका स्पर्शही त्यांना सोसवत नसे. ही निरीक्षणे १८६४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. जखम बरी होणे आणि वेदना थांबणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यांवरून स्पष्ट झाले.

पहिली अडचण वेदनेच्या जागेची. चेहऱ्यावरील संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूच्या विकारात विजेचा झटका बसावा तशी कळ जबड्यात येते. दात घासणे, घास चावणे किंवा गार वारा लागणे एवढेही तिला पुरते. रोगी साहजिकच दंतवैद्य गाठतो. कधी निरोगी दात काढले जातात आणि कळ मात्र तशीच राहते. वस्तुतः १९६० च्या दशकापासून या विकारावर कार्बामाझेपिन हे औषध वापरात आहे आणि योग्य निदान झाल्यास बहुसंख्य रोग्यांना त्याने प्रारंभी तरी आराम पडतो.

दुसरी अडचण तपासण्यांची. मज्जातंतूंतून विद्युतसंदेश किती वेगाने जातो, हे मोजणारी परीक्षा प्रामुख्याने जाड तंतूंची असते. त्यांतील संदेशाचा वेग सेकंदाला सुमारे ५० मीटर असतो. जळजळीची वेदना वाहणारे सर्वांत बारीक तंतू मात्र सेकंदाला सुमारे एकच मीटर वेगाने संदेश नेतात आणि या परीक्षेत ते उमटत नाहीत. केवळ बारीक तंतूच बिघडले असतील, तर अहवाल निर्दोष येतो आणि तळपायांची आग होतच राहते. घोट्याजवळील त्वचेचा ३ मिलिमीटर व्यासाचा तुकडा काढून त्यातील तंतू सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. परंतु ही सोय सर्वत्र नाही. उलटपक्षी, पाठीच्या मणक्यांची चित्रे घेतली असता काहीही न दुखणाऱ्या माणसांतही चकती सरकलेली आढळते. म्हणजे निर्दोष अहवाल रोग नाकारत नाही आणि सदोष अहवाल वेदनेचे कारण सिद्ध करतोच असे नाही.

तिसरी अडचण कारणांच्या बहुलतेची. मधुमेह, नागीण होऊन गेल्यानंतर राहणारी वेदना, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव अशी अनेक कारणे संभवतात. काही वेळा दोन कारणे एकत्र येतात: मधुमेहावरील मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्या शाकाहारी व्यक्तीत ब-१२ ची उणीवही असू शकते आणि सारा दोष मधुमेहाच्या माथी मारला जातो. भारतात कुष्ठरोगाचा विचारही टाळून चालत नाही. त्वचेवर एकही चट्टा नसताना तो केवळ मज्जातंतूंना ग्रासू शकतो. कोपरामागील जाड झालेला तंतू बोटांनी चाचपून कळतो. उपचारास विलंब झाला, तर हातापायांत कायमचे व्यंग येण्याचा धोका असतो.

यास्तव निदानाचा प्रारंभ रोग्याच्या शब्दांपासून होतो. आग होते की झटके येतात, मुंग्या येतात की बधिरता आहे, पांघरुणाचा स्पर्श तरी सोसतो का, हे प्रश्न महत्त्वाचे होत. त्यानंतर कापूस, टाचणी आणि नादकाटा या साध्या साधनांनी संवेदनेची परीक्षा करून बधिर भाग कोणत्या मज्जातंतूच्या क्षेत्राशी जुळतो, हे पाहता येते. इतके न करता अहवालात काही दिसत नाही म्हणून वेदना मनाची ठरविणे शास्त्रीय नव्हे. त्याने रोगी एका दवाखान्यातून दुसऱ्यात भटकत राहतो आणि उपचाराने थोपविता आला असता असा रोग तोवर पुढे सरकतो.