नुसतं ‘हं, हं’ करण्याचे पैसे?

समुपदेशकाकडे जाऊन आलेली माणसं कधी कधी वैतागून सांगतात, “तासभर मीच बोलत होतो. ते नुसते हं, हं करत होते. उपाय काही सांगितलाच नाही.” या तक्रारीचं खापर बहुतेक वेळा व्यक्तिकेंद्री समुपदेशनावर फुटतं, म्हणजेच त्याचा जनक कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) या अमेरिकी मानसशास्त्रज्ञावर. आपल्याकडे कि. मो. फडके यांच्यामुळे अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ पद्धत मराठी वाचकांना चांगली ठाऊक झाली. ती वाद घालते, गृहपाठ देते. तिच्या शेजारी रॉजर्स गुळमुळीत वाटतो, हे खरंच आहे.

पण हे दोघे एकाच चित्रफितीत पाहायला मिळतात. १९६५ साली आलेल्या त्या शैक्षणिक फिल्ममध्ये रॉजर्स, एलिस आणि फ्रिट्झ पर्ल्स हे तिघे ग्लोरिया या एकाच स्त्रीशी आळीपाळीने बोलतात. ती घटस्फोटित आहे. घटस्फोटानंतर दुसऱ्या पुरुषांशी संबंध आले का, असं लहान मुलीने विचारलं तेव्हा ती खोटं बोलली आणि आता ते तिला सलतंय. खरं सांगितलं तर मुलीवर वाईट परिणाम होईल का, हे तिला रॉजर्सकडून ऐकायचं आहे, आणि ती ते पुन्हा पुन्हा विचारते. रॉजर्स उत्तर देत नाहीत, पण प्रश्न टाळतही नाहीत. उत्तर देता आलं असतं तर बरं झालं असतं, पण हा तुमच्या अगदी खासगी आयुष्याचा प्रश्न आहे, तुमचं उत्तर शोधायला मी मदत करीन, असं ते उघड बोलतात. बोलता बोलता स्पष्ट होतं, की तिला परवानगी हवी आहे, आणि ती स्वतःला देण्याची जोखीम तिला घ्यायची नाही. तिला सल्ला देऊन मोकळं होणं सोपं होतं. मग तो चुकला असता तर दोषही सल्ला देणाऱ्याचाच ठरला असता.

समोरच्याचं वाक्य पोपटासारखं परत म्हणायचं, एवढंच रॉजर्सचं तंत्र आहे, हा दुसरा समज. याला एका यंत्राने बराच हातभार लावला. १९६६ साली एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलिझा’ नावाचा संगणक-कार्यक्रम जाहीर केला. तुम्ही टंकलेलं वाक्यच प्रश्न करून परत फेकणारा त्याचा ‘डॉक्टर’ रॉजर्सच्या शैलीची नक्कल होता. ही शैली निवडण्याचं कारण व्यावहारिक होतं: अशा संभाषणात यंत्राला जगाविषयी काहीही माहिती नसली तरी खपून जातं. रॉजर्सना मात्र या व्यंगचित्राचा मनस्वी कंटाळा होता. मी भावना परावर्तित करत नाही, मला नीट कळलं का ते पडताळून पाहतो, असं त्यांचं म्हणणं. त्या पडताळणीत चूक निघू शकते, आणि समोरचा माणूस ती दुरुस्त करतो. त्याच फिल्ममध्ये वडिलांशी आपण असं बोलू शकलो असतो तर, असं ग्लोरिया म्हणते, तेव्हा ती आपल्याला एक छान मुलगी वाटते, असं रॉजर्स सरळ सांगून टाकतात. आरसा असं बोलत नाही.

‘विनाअट स्वीकार’ याचा अर्थ ‘तू करशील ते बरोबर’ असा लावणारेही पुष्कळ. स्वीकार माणसाचा असतो, त्याच्या प्रत्येक कृत्याला दाद नसते. शिवाय १९५७ च्या गाजलेल्या लेखात रॉजर्सनी बदलासाठी सहा अटी मांडल्या. पाठ्यपुस्तकात मात्र समानुभूती, विनाअट स्वीकार आणि समुपदेशकाचा सच्चेपणा या तीनच उरल्या. गळालेल्यांपैकी एक मला फार महत्त्वाची वाटते: समुपदेशकाचा स्वीकार आणि समानुभूती समोरच्यापर्यंत थोडी तरी पोहोचली पाहिजे. समुपदेशकाला आपण फार समजूतदार आहोत असं वाटून भागत नाही. मनात आठ्या आणि चेहऱ्यावर हसू ठेवणारा तर सच्चेपणाच्याच अटीवर नापास होतो.

आता ‘हे सगळं अध्यात्माकडे झुकणारं, विज्ञानाशी याचा संबंध नाही’ हा आक्षेप. तो रॉजर्सवर घेणं मात्र विनोदी आहे. बंद दाराआड चालणारं समुपदेशन त्यांनीच अभ्यासासाठी खुलं केलं. ओहायोमध्ये, टेपरेकॉर्डर हाताशी नसताना, त्यांचे विद्यार्थी भेटी तबकड्यांवर मुद्रित करायचे. तबकडी दर काही मिनिटांनी बदलावी लागे. १९४२ च्या त्यांच्या पुस्तकात एका व्यक्तीच्या आठ भेटींचं शब्दशः मुद्रित रूप छापलं आहे. असं संपूर्ण समुपदेशन त्याआधी छापलंच गेलं नव्हतं. आणि या उघडेपणाची किंमतही त्यांनी मोजली: १९६६ साली चार्ल्स ट्रुअक्स यांनी रॉजर्सच्याच ध्वनिमुद्रणांचा अभ्यास करून दाखवलं, की ते काही प्रकारच्या बोलण्याला जास्त आपुलकीचा प्रतिसाद देत. म्हणजे ‘आम्ही कसलीच दिशा देत नाही’ हा दावाही पूर्ण खरा नव्हता. ज्या पद्धतीचा पुरावा तिच्याच विरोधात वापरता येतो, तिला विज्ञानविरोधी म्हणणं अवघड आहे.

राहिला प्रश्न परिणामाचा. रॉजर्सभक्तांनी इथे थोडं सबुरीने घ्यावं. विस्कॉन्सिनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर रॉजर्सच्याच चमूने मोठा अभ्यास केला. १९६७ साली तो प्रसिद्ध झाला तेव्हा उपचार घेतलेल्या आणि न घेतलेल्या गटांत एकंदरीत ठळक फरक निघाला नाही. नैराश्याचं चित्र वेगळं आहे. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त आलेल्या ब्रिटिश चाचणीत मध्यम किंवा तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर व्यक्तिकेंद्री पद्धत सहा महिन्यांनी सीबीटीपेक्षा (बोधात्मक वर्तन उपचारपद्धतीपेक्षा) कमी ठरली नाही, वर्षानंतर मात्र सीबीटी सरस दिसली. म्हणून भ्रम होत असतील, औषधं सुरू असतील, तर मनोविकारतज्ज्ञाचे उपचार चालूच ठेवावेत, या समुपदेशनाच्या भरवशावर ते सोडू नयेत. आणि ज्याला सल्ला हवाच आहे त्याने पहिल्याच भेटीत समुपदेशकाला विचारावं, “तुम्ही कोणत्या पद्धतीने काम करता?” हे विचारण्यात कसलाही आगाऊपणा नाही.