विश्लेषण : शाफ्टला न घासता गळती रोखणारे ‘चुंबकी सील’ काय असते?

माजिवड्यातील एखाद्या उंच इमारतीच्या पंपरूममध्ये डोकावले, तर पंपाच्या शाफ्टपाशी थेंब थेंब पाणी टपकताना दिसू शकते. शाफ्ट फिरायचा तर भोवती फट हवी आणि फट आली की गळती आली. पंपात ती ग्लॅण्डमध्ये दाबून बसवलेल्या दोरीने किंवा एकमेकींवर घासणाऱ्या दोन चकत्यांच्या मेकॅनिकल सीलने अडवतात. चार थेंबांनी सोसायटीचे काही बिघडत नाही. पण सोलर पॅनेल किंवा चिपसाठी सिलिकॉनचा स्फटिक वाढवणाऱ्या भट्टीत हवा शिरली, तर स्फटिक वाया जातो. तिथे घासणाऱ्या सीलची पूडही चालत नाही.

मग फट कशाने बुजवतात?

द्रवाने. सुमारे १० नॅनोमीटरचे, म्हणजे मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाएवढे लोहऑक्साइडचे कण तेलात मिसळलेले असतात. कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून प्रत्येकावर साबणासारख्या रेणूंचा थर असतो. हा द्रव, म्हणजेच फेरोफ्लुइड, चुंबकाकडे ओढला जातो. अमेरिकेत ‘नासा’चे स्टीफन पॅपेल यांनी १९६३ मध्ये तो तयार केला, तो मात्र वेगळ्याच कामासाठी. गुरुत्वाकर्षण नसताना रॉकेटचे इंधन चुंबकाने पंपाकडे खेचायचे होते. इंधनासाठी त्याचा उपयोग झाला नाही; सीलसाठी झाला. त्यामागे रोनाल्ड रोझेन्सवाइग यांचे संशोधन होते.

रचना कशी असते?

शाफ्टभोवती कड्यासारखा चुंबक आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कडी. शाफ्टवर किंवा कड्यांच्या आतल्या बाजूला बारीक दाते कापतात. दात्याच्या टोकाशी चुंबकीय क्षेत्र एकवटते आणि तिथे द्रवाची रिंग धरून राहते. फट केसाच्या जाडीएवढी, साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर. शाफ्ट फिरतो, रिंग जागेवर राहते. धातूला धातू लागतच नाही. शाफ्ट मात्र चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाचा हवा. नेहमीचे ३०४ स्टेनलेस इथे कामाचे नाही, हे वागळे इस्टेटमधला कोणताही लेथवाला खिशातला चुंबक लावून सांगेल.

दाते किती ठेवायचे?

खरे डिझाइन इथे सुरू होते. एक रिंग साधारण ०.२ वातावरणाएवढा दाब पेलते. बाहेर पूर्ण एक वातावरण आणि आत निर्वात असेल, तर हिशेबाने पाच रिंगा पुरतात. तरीही डिझाइनर जास्त ठेवतात. दाब झेपला नाही की रिंग फुटते, थोडी हवा आत सोडते आणि पुन्हा मिटते. आपोआप मिटते हे कौतुकाचे, पण तेवढ्या हवेनेही आतला माल वाया जाऊ शकतो.

फट कमी केली तर?

रिंग जास्त दाब पेलते. पण द्रव जास्त घुसळला जाऊन तापतो. फट निम्मी केली की उष्णता दुप्पट होते, वेग दुप्पट केला की चौपट, आणि शाफ्टचा व्यास दुप्पट केला की आठपट. तापलेल्या द्रवातील तेल उडून जाते, उरलेला गाळ घट्ट होतो आणि सील संपते. म्हणून जाड, वेगवान शाफ्टच्या सीलभोवती थंड पाणी खेळवतात. शिवाय शाफ्ट डगमगला तर एवढ्याशा फटीत तो कड्याला लागणारच. त्यामुळे बेअरिंग आणि सील बहुधा एकाच डब्यात बसवून देतात. जुन्या संगणकांच्या हार्ड डिस्कमध्येही धूळ रोखायला असेच छोटे सील असे.

सोसायटीच्या पंपाला हे का लावत नाहीत?

हे सील हवा किंवा वायू अडवायला उत्तम. समोर वाहते पाणी असेल, तर ते चुंबकी द्रव हळूहळू धुऊन नेते. पंपाला मेकॅनिकल सील किंवा ग्लॅण्डच योग्य. ग्लॅण्ड असेल तर तिचे नट आवळून गळती पूर्ण बंद करायची घाई मात्र करू नये. ते थोडे थेंब दोरीला थंड ठेवतात. कोरडी दोरी जळते आणि शाफ्टवर चरे पाडते.