मोतमाउलीच्या पायरीवर मेणाचं बाळ

वडखळ नाक्यावरून एक रस्ता अलिबागकडे फुटतो, दुसरा थेट गोव्याला जातो. या पट्ट्यातल्या आगरी-कोळी घरांत मूल झालं की पाचवी पुजायची, सटवाईला मान द्यायचा, कार्ल्याच्या एकवीरेला बाळ पायांवर घालायचं. कुणाचा नवस मात्र मुंबईला फेडायचा असतो. वांद्र्याच्या टेकडीवरच्या चर्चमध्ये, मोतमाउलीला म्हणजे मारियेला.

चर्चबाहेर मेणाच्या वस्तू विकायला मांडलेल्या असतात. घर हवं त्याने मेणाचं घर न्यायचं, पाय दुखतो त्याने पाय. परदेशी जाणाऱ्यांसाठी विमानसुद्धा! पण खरी लक्ष वेधून घेतात ती बोटभर उंचीची, हातपाय आखडून पडलेली बाळं. ज्यांना मूल हवंय त्या बायका हे बाळ पदराआड धरून आत नेतात आणि माउलीपुढे ठेवतात. मूल झाल्यावर काहीजणी त्याच्या उंचीची मेणबत्ती घेऊन पुन्हा येतात. त्यांत कपाळावर कुंकू असलेल्याही असतात, बुरखा घातलेल्याही. कुणी कुणाला जात-धर्म विचारत नाही.

माउलीची मूर्ती सोळाव्या शतकात जेझुइट धर्मगुरूंनी पोर्तुगालहून आणली, असं परंपरा सांगते. 1700च्या सुमाराला अरब चाचे टेकडीवर चढले आणि सोन्याच्या आशेने त्यांनी मूर्तीचा उजवा हात तोडला. पुढे चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेच्या धामधुमीत इथलं चॅपल उद्ध्वस्त झालं. 1760च्या आसपास ते पुन्हा उभं राहिलं. तुटका हात झाकायला मूर्तीच्या कडेवर बाळ येशू दिला, असं सांगतात. म्हणजे ज्या लेकुरवाळ्या रूपापुढे बायका पदर पसरतात, ते मूर्तीच्या जखमेतून आलेलं आहे. हा तपशील मेणाची बाळं विकणाऱ्यांनाही ठाऊक असेलच असं नाही. आजची दगडी इमारत 1904ची, शापूरजी चांदाभॉय या पारशी वास्तुविशारदाने उभारलेली. 1954मध्ये पोपनी तिला बॅसिलिकाचा दर्जा दिला.

पारशांचं नातं तेवढ्यावर थांबत नाही. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी आहे; पूर्वी ती होडीने ओलांडावी लागे. होड्या उलटायच्या, माणसं बुडायची. सरकार पैसे द्यायला तयार होईना, तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी 1,57,000 रुपये दिले आणि 1845मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला. आजारी मुलासाठी त्यांनी माउलीला केलेला नवस त्यामागे होता, अशी आख्यायिका आहे. त्यांची अट मात्र आख्यायिका नव्हे: या रस्त्यावर कधीही टोल घ्यायचा नाही.

मारियेचा जन्मदिवस 8 सप्टेंबरला. त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा. कधी नेमकी गणपतीच्या दिवसांतच येते, आणि गणपतींच्या पेणकडून निघणाऱ्यांची तारांबळ उडते. 2024च्या जानेवारीपासून त्यांच्यासाठी मुंबईला नेणारा समुद्रावरचा अटल सेतूही आहे. माहीमचा कॉजवे आजही फुकट. सेतूवर मोटारीला एका खेपेचे 250 रुपये ठरले होते.