उंबराचं फूल

"काय पाव्हणं, उंबराचं फूल झालायसा जणू!" बऱ्याच दिवसांनी तोंड दाखवणाऱ्याला उंब्रजकडं असा टोमणा मिळतो. तारळी जिथं कृष्णेला मिळते, त्या काठाला उंबराचं झाड काही नवं नाही. बुंध्यापासून फांद्यांपर्यंत फळांचे घोस लगडतात, पण फूल कुणाच्या नजरेस पडत नाही. ते मध्यरात्री फुलतं आणि ज्याला दिसेल त्याचं नशीब उघडतं, असं जुनी माणसं सांगत.

ही कल्पना मराठीहून कितीतरी जुनी. पाली सुत्तनिपातातल्या पहिल्याच सुत्तात, उरगसुत्तात, उंबरावर फूल शोधण्याचा दृष्टान्त आहे. सद्धर्मपुंडरीक सूत्रात बुद्धाचं दर्शन या फुलाइतकं दुर्मीळ मानलं आहे. बौद्ध ग्रंथांबरोबर हे फूल चीन-जपानपर्यंत पोचलं. इंग्रजीत अशा दुर्मीळ गोष्टीला 'वन्स इन अ ब्लू मून' म्हणतात. पण ब्लू मून, म्हणजे एका महिन्यातली दुसरी पौर्णिमा, अडीच-तीन वर्षांनी येते तरी.

उंबर मात्र वर्षातून अनेकदा फुलतं. आपण ज्याला फळ म्हणतो, ती आतून असंख्य बारीक फुलांनी भरलेली बंद कुपी असते. तिच्या टोकाच्या छिद्रातून चिलटाएवढी माशी आत घुसते, घुसताना तिचे पंख तुटतात. तिनं आणलेला पराग मादीफुलांना लागतो. काही फुलांत ती अंडी घालते आणि तिथंच मरते. पुढच्या पिढीतले नर बिनपंखी. माद्यांशी मीलन झाल्यावर ते कुपीला भोक पाडतात, आणि त्या वाटेनं माद्या पराग घेऊन उडतात. त्यांच्या हाती उरतो जेमतेम एखादा दिवस. पिकलं उंबर फोडल्यावर ज्या किड्यांना पाहून आपण नाक मुरडतो, त्यांतले बरेचसे हेच. त्यांच्यावाचून उंबरात बी धरत नाही.

आणि म्हणूनच एकटंदुकटं उंबर राखून भागत नाही. एका झाडावरची माशी बाहेर पडते, तेव्हा आसपासच्या दुसऱ्या झाडाला नेमकी कोवळी फळं लागलेली हवीत. झाडं विरळ झाली की ही साखळी तुटते. दत्ताचं झाड म्हणून आपण पारावरच्या औदुंबराला हात लावत नाही, ते चांगलंच आहे. पण ओढ्याकाठी, विहिरीच्या कडेला, बांधावर आपोआप उगवलेलं रोपही त्याच जातीचं असतं. शेत साफ करताना तेवढं उपटू नका.