जुना ट्रॅक्टर घेताय? आधी बोजा बघा

अजिंठा परिसरात मका-कपाशीच्या चार-पाच एकरांना ३५ एचपीच्या आसपासचा जुना ट्रॅक्टर सहसा पुरतो. नव्या रंगाला भुलू नका; मीटरचे तासही बदलता येतात. इंजिन थंड असतानाच सुरू करायला लावा. ब्रीदरमधून धूर जोरात येत असेल, तर इंजिनचे काम निघालेच समजा.

पण मोठा फटका कागदांत बसतो. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर कर्ज फिटल्याचे पत्र आणि बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. आधीच्या मालकाचे हप्ते थकले असतील, तर वसुलीवाले तुमच्या दारात येतील. ‘एमएच १९’ म्हणजे जळगावचे पासिंग. चेसिस नंबर आरसीशी स्वतः जुळवा.