शितावरून भाताची परीक्षा होते, सॉफ्टवेअरची नाही

अंधेरीच्या सीप्झपासून पवई-मालाडपर्यंत पसरलेल्या कार्यालयांत हजारो माणसं रोज सॉफ्टवेअर लिहितात आणि त्यांच्याच शेजारी बसून दुसरी माणसं ते तपासतात. हे काम बाहेरच्या माणसाला समजावताना स्वयंपाकाचा दाखला हटकून दिला जातो: कोड म्हणजे पाककृती आणि टेस्टिंग म्हणजे चव बघणं. बऱ्याच अंशी तो पटतोही. मोहरी तडतडली की नाही हे पाहूनच पुढचा जिन्नस पडतो, आमटी उकळत असतानाच मिठाचा अंदाज घेतला जातो. पानं वाढून झाल्यावर पहिल्यांदा चव बघणारा स्वयंपाकी कोणी ठेवणार नाही. चांगले डेव्हलपरही प्रोग्रामचा प्रत्येक लहान भाग लिहिताक्षणी तपासून घेतात. पण हा दाखला एका ठिकाणी फसवतो, आणि आपल्याकडच्या मोठ्या सरकारी-निमसरकारी यंत्रणा नेमक्या तिथेच अडखळतात.

शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण पातेल्यातल्या सगळ्या दाण्यांना तेच पाणी आणि तीच आच मिळालेली असते. दोन बोटांत एक शीत चेपलं की बाकीच्यांची हमी मिळते. सॉफ्टवेअरमध्ये ही हमी नाही, कारण तिथे प्रत्येक नोंदीची वाट वेगळी असू शकते. गुणांची बेरीज करणारा साधा प्रोग्राम घ्या. सत्तरपैकी पन्नास गुण त्याने बरोबर मोजले, म्हणून तो बरोबर ठरत नाही. विद्यार्थ्याला शून्य मिळालं तर काय? तो गैरहजर असेल तर तेही शून्यच धरायचं का? परीक्षकाने चुकून सत्तरपैकी पंचाहत्तर भरले तर प्रोग्राम अडवतो का? उत्तरपत्रिकेला पुरवणी जोडलेली असेल आणि तिचा बारकोड वाचला गेला नसेल तर? यातला एकेक प्रश्न म्हणजे वेगळं शीत, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीच बजावलं होतं की चाचणीतून चुका आहेत हे दाखवता येतं, त्या नाहीत हे सिद्ध करता येत नाही.

हे विसरल्याचं मोल मुंबईने २०१७ साली मोजलं. मुंबई विद्यापीठाने त्या वर्षी उन्हाळी परीक्षांच्या हंगामातच सर्व शाखांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. ४७७ परीक्षा आणि सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका. त्या स्कॅन करायच्या, बारकोडवरून ओळखायच्या, योग्य विषयाच्या प्राध्यापकापर्यंत पोहोचवायच्या आणि गुण परत गोळा करायचे. कल्पना चांगली होती. पडद्यावरच्या तपासणीत बेरजेच्या चुका आणि हेराफेरी खरोखरच कमी होऊ शकते. पण ही साखळी पूर्ण भाराखाली आधी चालवून पाहायला वेळच ठेवला नव्हता. काही उत्तरपत्रिका आणि पुरवण्या सापडेनात, शिकवणं थांबवून प्राध्यापकांना तपासणीला बसवावं लागलं, राज्यपालांनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदतही टळली. काही निकाल सप्टेंबर उजाडला तरी लागले नव्हते. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो पोकळ नाही. खारट झालेली आमटी पूर्ववत होत नाही, सॉफ्टवेअर मात्र रात्रीत दुरुस्त करता येतं. मग लवकर सुरू करून वापरता वापरता का सुधारू नये? चित्रपटांची नावं सुचवणाऱ्या ॲपपुरतं हे मान्य आहे. तिथे चूक झाली तर एक संध्याकाळ वाया जाईल. मुंबई विद्यापीठात बिघडलेला प्रोग्राम दुरुस्त करता आला, पण निकालाअभावी पुढच्या प्रवेशाची हुकलेली तारीख कोणाला परत देता आली नाही. दुरुस्ती प्रोग्रामची होते, त्याने केलेल्या नुकसानीची होत नाही.

दुसरा आक्षेप असा की प्रत्येक वाट तपासणं अशक्यच असेल तर थांबायचं कुठे? अनुभवी टेस्टर सगळं तपासत नाही. जिथे बिघडण्याचा संभव जास्त आणि बिघडल्यास झळ मोठी, तिथून तो सुरुवात करतो. कोरी उत्तरपत्रिका, जास्तीत जास्त गुण, दोन पुरवण्या, एकाच सकाळी लॉग-इन करणारे हजारो परीक्षक. ही नजर प्रोग्राम लिहिणाऱ्याकडे सहसा नसते, कारण प्रोग्राम कसा वापरला जावा हेच त्याच्या मनात पक्कं बसलेलं असतं. स्वयंपाकाच्या जगातही करणारा आणि तपासणारा असे वेगळे ठेवलेले दिसतात. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी सुरू केलेल्या लिज्जत पापडाच्या संस्थेत पीठ केंद्रावर एकत्र मळलं जातं, सदस्य-बहिणी ते घरी नेऊन पापड लाटतात आणि परत आलेले पापड केंद्रावर तपासून घेतले जातात. लाटणाऱ्या हातांवर त्यात कोणताही अविश्वास नाही, तपासणारी नजर फक्त वेगळी असते. सॉफ्टवेअरमध्ये वेगळा टेस्टर याच कारणासाठी हवा, आणि मुदत जवळ आली की सर्वांत आधी त्याचेच दिवस कापले जातात, हे थांबायला हवं.

महापालिका, विद्यापीठ किंवा परीक्षा मंडळ नवी संगणकीय यंत्रणा जाहीर करतं तेव्हा आपण खर्च किती आणि सुरू कधी, एवढंच विचारतो. नगरसेवकांनी, अधिसभा सदस्यांनी आणि पालकांनी तिसरा प्रश्नही विचारावा: खऱ्या संख्येइतका भार टाकून ही यंत्रणा किती दिवस चालवून पाहिली, आणि त्यात काय काय बिघडलं? काहीच बिघडलं नाही असं उत्तर आलं, तर ती सुरू करण्याची तारीख पुढे ढकलायला सांगावं.